शार्क फिन विकण्याआधी टेप काढा! कमी उंचीच्या पार्किंगसाठी गाडीचा अँटेना कसा निवडायचा?



"दादा, शार्क फिन आहे का?"

कार ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहा, हा प्रश्न कानावर येतोच. नवा दुकानदार काय करतो? "आहे ना!" म्हणतो, रंग विचारतो, टप पुसतो, फिन चिकटवतो, पैसे घेतो. पाच मिनिटांत काम फत्ते. गिऱ्हाईक पण खूश, दुकानदार पण खूश.

पण त्या गिऱ्हाइकाला शार्क फिन का हवी होती, हे कोणी विचारलंच नाही.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये गाडी उतरवली. नातेवाईक ॲडमिट, डोकं ठिकाणावर नाही. वर 'कड्‌' असा आवाज आला. टपावरचा अँटेनाचा रॉड तुळईला घासून बुडापासून मोडला होता. दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "आता लांब दांडी नकोच, शार्क फिन लावा." त्यांनी लावली. दिसायला एकदम झकास. घरी येताना रेडिओ लावला, तर नुसती खरखर. परत गेलो, तर उत्तर मिळालं, "साहेब, ती शोची असते. त्यात वायर नसते."

त्या माणसाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मी मागितलं ते त्याने दिलं. पण त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही, आणि किती जणांना ही गोष्ट सांगितली त्याची मोजदाद नाही. आज तुम्हालाही सांगतोच आहे!

म्हणून आजचा विषय छोटा वाटला तरी हलक्यात घेऊ नका. कमी उंचीचं पार्किंग आणि गाडीचा अँटेना. हा एक विषय नीट समजला, तर 'वस्तू विकणं' आणि 'अडचण सोडवणं' यातला फरक कायमचा कळेल.

बजाजनगरात हा विषय का महत्त्वाचा?

समजा, तुम्ही बजाजनगरात, मोहटादेवी चौकाच्या आसपास एक छोटा गाळा घेतलाय. तुमचं गिऱ्हाईक कोण? १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे एमआयडीसी वाढली आणि कामगारांची ही वस्ती उभी राहिली. कोणी शिफ्टला जाणारा, कोणी स्टाफची ने-आण करणारा अर्टिगावाला, कोणी शाळेची इको चालवणारा, कोणी नुकतीच सेकंड हँड वॅगनआर घेतलेला.

आता त्यांची गाडी कुठे उभी असते ते बघा. रो-हाऊसच्या पोर्चमध्ये, वर पत्र्याचं शेड आणि पुढे लोखंडी कमान. दुकानाच्या शटरच्या आत. नव्या अपार्टमेंटच्या खाली, जिथे तुळईच्या खालून ड्रेनेजचा पाइप गेलेला असतो. रविवारी शहरातल्या मॉलच्या नाहीतर हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये. म्हणजे अँटेना मोडायच्या जागा भरपूर!

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. इथे माणसं एकाच लाइनवर काम करतात, एकाच बसने येतात, एकाच टपरीवर चहा पितात. तुम्ही एकाला चुकीची वस्तू दिली, तर शिफ्ट सुटायच्या आत ती बातमी दहा जणांना कळते. चांगलं काम केलं तरी तसंच. इथे जाहिरातीपेक्षा चहाची टपरी मोठी आहे.

आधी मोजा, मग बोला

गिऱ्हाईक आलं की कपाटाकडे नाही, टेपकडे हात जाऊ द्या. तीन मापं लागतात.

पहिलं माप: गाडीची उंची. कंपनीच्या माहितीत वॅगनआरची उंची साधारण १६७५ मिलिमीटर, अर्टिगाची १६९०, इकोची १८२५, बोलेरोची १८८० आणि स्कॉर्पिओ क्लासिकची १९९५ अशी दिलेली असते. पण त्या आकड्यावर गाडी आत घालू नका. मोठे टायर, कॅरिअर, टपावर बाहेरून बसवलेला अँटेना हे त्यात धरलेलं नसतं. शिवाय रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच उभी राहते. म्हणून सपाट जमिनीवर, गाडी रिकामी असताना, अँटेनाच्या टोकापर्यंत मोजायचं.

दुसरं माप: अँटेना टपाच्या वर किती येतो. इथे बरेच जण चुकतात. ४० सेंटिमीटरचा रॉड म्हणजे ४० सेंटिमीटर उंची नाही, कारण तो मागे कललेला असतो. ४५ अंशात कललेला ४० सेंटिमीटरचा रॉड सुमारे २८ सेंटिमीटर उंच येतो. तोच २० अंशांपर्यंत खाली दुमडला तर १४ सेंटिमीटरच्या आत येतो. रॉड तोच, फक्त कोन बदलला आणि निम्मी उंची वाचली!

तिसरं माप: पार्किंगमधली सगळ्यात खालची वस्तू. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये तळघराची उंची किमान २.४ मीटर धरली आहे. मग रॉड का मोडतो? कारण त्या उंचीत नंतर पाइप येतो, ट्यूबलाइट येते, केबलचा ट्रे येतो, दारात उंची रोखणारा आडवा बार येतो. घरच्या शेडमध्ये तर असा काही नियमच कोणी पाळलेला नसतो. स्लॅब मोजू नका, स्लॅबखाली लटकणारी वस्तू मोजा. शटर असेल तर ते पूर्ण वर गेल्यावरही त्याची खालची पट्टी किती खाली राहते, ते मोजा.

आता हिशेब करून बघू. इकोची उंची १८२.५ सेंटिमीटर. टपावर ४० सेंटिमीटरचा रॉड ४५ अंशात, म्हणजे २८ सेंटिमीटर. बेरीज २१०.५. आणि पार्किंगच्या दारावर बोर्ड २.१ मीटरचा, म्हणजे २१०. फक्त अर्धा सेंटिमीटर जास्त! हाच माणूस रोज जाता-येता टक्‌ टक्‌ आवाज ऐकतो आणि म्हणतो, "काही नाही हो, जरासा लागतो." सहा महिन्यांत बेस सैल होतो आणि पावसाळ्यात टपातून पाणी आत येतं.

उतार असेल तर अजून एक भानगड. पुढची चाकं सपाटीवर आलेली आणि मागची अजून उतारावर असतात, तेव्हा टपाचा मधला आणि मागचा भाग छताच्या कडेच्या जास्त जवळ जातो. म्हणून बोर्डावरच्या उंचीपेक्षा निदान १० सेंटिमीटर मोकळे राहतील असंच गणित ठेवा. हा माझा साधा नियम आहे, पुस्तकातला नाही. पण उपयोगी पडतो.

लांबी कमी केली की काय जातं?

गिऱ्हाईक म्हणेल, "मग सगळ्यात छोटाच लावा ना!" इथे तुम्हाला थोडं विज्ञान माहीत पाहिजे. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या शहरातलं आकाशवाणी केंद्र एफएमवर १०१.७ मेगाहर्ट्झला लागतं. या लहरीची लांबी साधारण २ मीटर ९५ सेंटिमीटर भरते. सरळ दांडीच्या अँटेनाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर लांबी चांगली मानवते. जुन्या गाड्यांच्या खांबाला ओढून लांब करायचा अँटेना असायचा, आठवतंय? त्याची लांबी उगाच नव्हती.

मग आजचा छोटा रॉड कसा चालतो? आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आणि बऱ्याच गाड्यांत बेसच्या खाली छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्यामुळे काम भागतं. पण लांबी घटली की पकड घटते, हे काही टळत नाही. आणि ॲम्प्लिफायर म्हणजे जादू नव्हे. जो सिग्नल आलाच नाही तो त्याला वाढवता येत नाही, उलट सिग्नलसोबत खरखरही वाढते.

मध्यम लहरींचं तर अजून अवघड. तिथे लहरीची लांबी शेकडो मीटर. बोटभर अँटेना लावला की एफएम कसंबसं चालेल, पण मध्यम लहरीची स्टेशनं पार बसतील. एखादे काका जुनी स्टेशनं आवडीने ऐकत असतील, तर त्यांना हे आधी सांगा. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं, आधी सांगितलं की तो सल्ला असतो.

चार प्रश्न विचारायचेच

१. अशा पार्किंगमध्ये गाडी किती वेळा जाते? रोज, की महिन्यातून एकदा?

२. गाडी फिरते कुठे? बजाजनगर ते चिकलठाणा एवढंच, की वैजापूर, सिल्लोड, पैठणपर्यंत?

३. रेडिओ खरंच ऐकता, की फोन जोडून गाणी लावता?

४. टपावरच्या फिनमध्ये किंवा बेसमध्ये जीपीएस वगैरे अजून काही आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला लाजू नका. "रेडिओ कधीच लावत नाही" असं उत्तर आलं, तर रॉड काढून ठेवा, उघड्या आट्यांवर रबरी टोपी बसवा आणि माणसाला हसत पाठवा. आज धंदा झाला नाही, पण तो माणूस उद्या सीट कव्हरला दुसरीकडे जाणार नाही.

कोणाला काय द्यायचं?

महिन्यातून एखाद्या वेळी बेसमेंटमध्ये जाणारा: त्याला काहीच विकू नका. बऱ्याच गाड्यांचा रॉड हाताने फिरवून निघतो. आत जाण्याआधी काढायचा, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा. फक्त परत लावताना आटे तिरके बसवू नका म्हणून सांगा. पाना लावायचा नाही, हातानेच घट्ट करायचा.

रोज खाली जाणारा आणि लांबच्या गावांना फिरणारा: याला दुमडणारा बेस किंवा बुडाला स्प्रिंग असलेला लवचिक रबरी रॉड द्या. दुमडणाऱ्याची पकड चांगली राहते, पण आठवणीने दुमडावा लागतो. विसरभोळ्या माणसाला लवचिक रॉड बरा. चुकून लागला तरी वाकतो आणि परत सरळ होतो. मात्र रोज घासला तर तोही बेस खिळखिळा करणारच. लवचिक रॉड हा चुकीवरचा उपाय आहे, सवयीवरचा नाही.

रोज खाली जाणारा, पण शहरातच फिरणारा: याला सात-आठ सेंटिमीटरचा आखूड रॉड चालतो. शहरात सिग्नल जोरदार असतो, तिथे फारसा फरक कळत नाही. वैजापूरच्या रस्त्याला लागल्यावर स्टेशन लवकर सुटेल, हे आधी बोलून मोकळे व्हा. आटे तपासा. एम५ आणि एम६ जास्त दिसतात. चुकीच्या मापाचा रॉड जोर लावून बसवला तर बेस कामातून जातो.

ज्याला दिसणंही हवं आणि रेडिओही हवा: याला वायरवाली, म्हणजे खरी शार्क फिन. चिकटवायची फिन हातात घेऊन उलटी करा. खाली तार, स्प्रिंग किंवा जुन्या बेसला जोडायचा स्क्रू काहीच नसेल, तर ती शोभेची वस्तू आहे. ती विकायला हरकत नाही, पण पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहा, "फक्त शोभेसाठी, रेडिओ लागणार नाही." हे एक वाक्य तुमचं दुकान वाचवेल.

काचेच्या आत लावायचा पट्टीचा अँटेना: उंचीचा प्रश्नच मिटतो. पण त्याची पकड साधारण असते आणि काचेला धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर ती आणखी घटते. टपाला भोक नको म्हणणाऱ्याला हा पर्याय दाखवा, पण लावण्याआधी सिस्टिमला जोडून ऐकवा.

आणि जिथे मूळ फिनमध्ये जीपीएस किंवा कंपनीची जोडणी आहे, तिथे हात घालू नका. नव्या गाडीची वायर कापली की वॉरंटीचा वाद तुमच्या दारात येतो.

दोष अँटेनाचा नसेल तर?

हा भाग नीट वाचा, कारण खरा कारागीर इथेच ओळखू येतो.

"बेसमेंटमध्ये रेडिओ लागत नाही" ही तक्रार अँटेनाची नाहीच. जमिनीखाली, सळ्या भरलेल्या काँक्रीटच्या आत कोणताही अँटेना लावा, सिग्नल कमीच येणार. आधी गाडी उघड्या रस्त्यावर आणा, मग बोला.

स्वस्तातला मोबाइल चार्जर, डॅशकॅम, बाहेरून लावलेले एलईडी लाइट यांच्यामुळेही एफएमवर खरखर येते. आधी चार्जर उपटून बघा. आवाज साफ झाला तर गिऱ्हाइकाला अँटेना नको, चांगला चार्जर हवाय.

बाहेरची म्युझिक सिस्टिम बसवल्यापासून रेडिओ मंद झालाय? मागची निळी वायर बघा. बऱ्याच सिस्टिममध्ये अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला वीज याच वायरने जाते आणि घाईत ती मोकळीच राहते. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून ज्यांच्या गाड्या येतात, त्या स्कोडा आणि तिच्या समूहातल्या बऱ्याच गाड्यांत ही वीज अँटेनाच्या केबलमधूनच द्यावी लागते. त्याला वेगळा ॲडॉप्टर मिळतो. तो लावला की 'खराब' अँटेना जिवंत होतो!

नवा बेस बसवलाच, तर दोन गोष्टी. बेसचा धातू गाडीच्या बॉडीला नीट टेकला पाहिजे, मध्ये गंज किंवा रंगाचा थर नको. आणि रबरी वॉशर नवा टाका, मग वरून मगभर पाणी ओता आणि आतल्या कापडाला हात लावून बघा. पाच मिनिटं जास्त जातील, पण पहिल्या पावसात गिऱ्हाईक ओल्या टपासकट भांडायला येणार नाही.

आता धंद्याचं गणित

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय, तुमच्या होलसेलवाल्याचे भाव टाकून स्वतः करा.

समजा, शोभेची फिन १०० ला आणली, ३०० ला विकली. सुटले २००. आखूड रॉड १५० ला आणला, ३५० ला दिला. सुटले तेवढेच २००. मग फरक काय? दहा फिनमागे तीन गिऱ्हाइकं "रेडिओ लागत नाही" म्हणून परत आली आणि तुम्ही पैसे परत दिले, तर २००० चा नफा ११०० वर येतो. परत आलेली फिन चिकटपट्टी निघाल्यामुळे पुन्हा विकता येत नाही, म्हणून प्रत्येकी ३०० गेलेच. वर पोराचा वेळ गेला तो वेगळा. आणि ती तीन माणसं टपरीवर काय बोलतील, त्याचा तर हिशेबच नाही.

माल भरताना पण डोकं शांत ठेवा. होलसेलवाला म्हणेल, "सगळे नमुने घेऊन जा." घेऊ नका. सुरुवातीला थोडे आखूड रॉड, थोडे लवचिक, दोन-तीन दुमडणारे बेस आणि आट्यांचे ॲडॉप्टर. वायरवाली शार्क फिन गाडीच्या मॉडेलप्रमाणे ऑर्डरवर मागवा. तुमचं भांडवल कपाटात लटकत बसू नये.

आणि एक वही ठेवा. गाडीचं मॉडेल, आट्याचं माप, पार्किंग कुठलं, काय दिलं, परत आला का. पन्नास नोंदी झाल्या की आपल्या भागात कोणत्या गाडीला काय चालतं, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. ऑनलाइन विकणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा स्वस्त रॉड असेल. पण रांजणगावच्या त्या अपार्टमेंटमध्ये पाइप किती खाली आलाय, ते त्याला थोडंच माहीत आहे?

पैसे घेण्याआधी एक छोटी सवय लावा. गिऱ्हाइकाला गाडीत बसवा आणि जोरात लागणारं नाही, तर थोडं अस्पष्ट येणारं स्टेशन आधी जुन्या आणि मग नव्या अँटेनावर ऐकवा. त्याच्या कानाने पास केलं की बिल करा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा अँटेनाचा नसेल. कोणाचं मसाल्याचं काम असेल, कोणाचं शिवणकाम, कोणाचं मोबाइल रिपेअरिंग. तरी हे करा. गिऱ्हाईक तुमच्याकडे जी वस्तू नाव घेऊन मागतं, अशा तीन वस्तू लिहा. प्रत्येकीसमोर लिहा, 'त्याची खरी अडचण काय असते?' आणि 'ती ओळखायला मी कोणता प्रश्न विचारीन?'

आणि ज्यांना खरंच कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, त्यांनी आज संध्याकाळी पाच मीटरची एक टेप विकत घ्या आणि आपल्याच गल्लीतली पाच पार्किंग मोजून या. दुकानाचं उद्घाटन नंतर होईल, धंद्याची सुरुवात मात्र तिथेच झाली असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.